घशातला घास : पाप, कपट की हृदयविकार? (थ्रेड)

इ. स. १०५३, ईस्टरचा सोमवार. इंग्लंडमधील विंचेस्टर येथे राजा एडवर्ड द कन्फेसर भोजनास बसला होता. पंक्तीला वेसेक्सचा अर्ल गॉडविन होता; राजाचा सासरा आणि त्या काळातील इंग्लंडचा सर्वांत बलाढ्य सरदार. भोजन चालू असतानाच गॉडविन एकाएकी कोसळला. त्याची वाचा गेली, अंगातले त्राण गेले. त्याला उचलून राजाच्या दालनात नेण्यात आले. गुरुवारी, १५ एप्रिल रोजी, त्याने प्राण सोडला.

'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' या समकालीन बखरीत एवढेच आले आहे. सुमारे सत्तर वर्षांनी माम्सबरीच्या विल्यमने हाच प्रसंग लिहिला, तेव्हा त्याचे रूप पार पालटले होते. एडवर्डचा भाऊ आल्फ्रेड १०३६ मध्ये गॉडविनच्या हाती सापडला होता. त्याचे डोळे काढण्यात आले आणि त्यातच तो मेला. विल्यमच्या कथेत भोजनाच्या वेळी या आल्फ्रेडचा विषय निघतो. गॉडविन हातात घास घेऊन शपथ वाहतो की, त्या पापात माझा वाटा असेल तर हा घास माझ्या घशाखाली न उतरो. घास तोंडात जातो, घशात अडकतो आणि गॉडविन जागच्या जागी गतप्राण होतो.

तीन दिवसांच्या आजाराचे एका क्षणाच्या मरणात रूपांतर झाले ते उगीच नव्हे. मधल्या काळात १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई होऊन गेली होती. गॉडविनचा मुलगा हॅरॉल्ड त्या लढाईत पडला आणि इंग्लंडचे सिंहासन नॉर्मनांकडे गेले. जिंकलेल्या पक्षाला हॅरॉल्डचे घराणे मुळातच ईश्वरी कोपास पात्र होते, असे दाखविणारी कथा हवीच होती.

परंतु बारकाईने पाहणाऱ्याला या कथेत एक साधी अडचण दिसते. श्वासमार्ग पूर्ण बंद झाला तर माणूस काही मिनिटांतच दगावतो. सोमवारी गुदमरलेला माणूस गुरुवारपर्यंत जगत नाही. एकाएकी वाचा जाणे, शक्ती जाणे आणि तीन दिवसांनी मृत्यू येणे हे वर्णन पक्षाघाताशी अधिक जुळते. म्हणजे अकराव्या शतकातील एका बहुधा पक्षाघाताच्या मृत्यूवर पुढच्या शतकाने गुदमरण्याचा शिक्का मारला. विसाव्या शतकात नेमके याच्या उलट घडणार होते. पण त्याआधी शपथेसाठी घासच का निवडला गेला, हे पाहायला हवे.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये 'कॉर्सनेड' नावाचे एक दिव्य होते. संशयिताला, विशेषतः तो धर्मगुरू असेल तर, मंत्रून दिलेला पाव आणि चीज खावे लागे. ते सुखाने गिळले तर तो निर्दोष. घशात अडकले, अंग थरथरले, चेहरा पांढरा पडला, तर दोषी. तापलेले लोखंड हातात धरण्याच्या दिव्यापुढे हे फारच सौम्य वाटते, आणि धर्मगुरूंनी ते स्वतःसाठी राखून ठेवले होते यात नवल नाही. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने धर्मगुरूंना दिव्यविधीत भाग घेण्यास मनाई केली, आणि त्यानंतर युरोपातील दिव्यांचा धार्मिक आधारच सुटला.

भारतीय धर्मशास्त्रातील 'तंडुल दिव्य' याच जातीचे आहे. त्याचा विधी याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' या टीकेत सापडतो. ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने, विक्रमादित्य सहावा याच्या काळात लिहिली. म्हणजे माम्सबरीचा विल्यम आणि विज्ञानेश्वर यांच्यात फार तर एखाद्या पिढीचे अंतर. हे दिव्य केवळ चोरीच्या संशयासाठी होते. पांढरे साळीचे तांदूळ देवाच्या स्नानाच्या पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी संशयिताला पूर्वेकडे तोंड करून ते चावायला लावायचे आणि पिंपळाच्या किंवा भूर्जाच्या पानावर थुंकायला सांगायचे. थुंकीत रक्त दिसले, टाळू सोलवटली किंवा अंग कापले, तर तो चोर.

मराठी मुलखात वतनाच्या तंट्यांत उकळत्या तेलातून किंवा तुपातून धातूचा तुकडा काढण्याचे 'रवा दिव्य' अधिक गाजले. परंतु तंडुल दिव्यामागची समजूत मराठी भाषेने आजही सोडलेली नाही. मन खात असले की 'घास घशाखाली उतरत नाही'. भीतीने 'घशाला कोरड पडते'. खोटे बोलताना 'आवंढा गिळावा लागतो'.

या समजुतीत शरीरशास्त्राचा अंश आहे, हे मान्य करायला हवे. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारण एक लिटर लाळ तयार होते. भीतीच्या क्षणी तीच आटते आणि घशाचे स्नायू आवळले जातात. कोरडा पाव किंवा कच्चा तांदूळ अशा वेळी खरोखरच अडतो. मात्र भीती अपराध्यालाच वाटते असे थोडेच आहे? सबंध गाव भोवती उभे असताना निरपराध माणसाच्याही तोंडचे पाणी पळतेच. दिव्याने भीती मोजली आणि तिला पाप हे नाव दिले.

घसा आवळण्याचा आणखी एक अर्थ वैद्यकानेच लावला आणि तो शतकानुशतके स्त्रियांच्या माथी मारला. घशात गोळा अडकल्यासारखे वाटते, तपासणीत मात्र काहीच सापडत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रीच्या गर्भाशयालाच दोष दिला जाई. ते जागा सोडून वर सरकते आणि छाती-घसा दाबते, अशी प्राचीन ग्रीक कल्पना होती. 'हिस्टेरिया' हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरूनच आला आहे. घशातल्या या गोळ्याला वैद्यकीय ग्रंथांत 'ग्लोबस हिस्टेरिकस' असे नाव होते. १९६८ मध्ये माल्कमसन या शल्यविशारदाने त्याऐवजी 'ग्लोबस फॅरिंजिस', म्हणजे घशातला गोळा, असे सरळ नाव सुचविले. अनेक रुग्णांत त्यामागे शारीरिक कारण सापडते, असे त्याचे म्हणणे होते.

रोमनांकडे येऊ. सम्राट क्लॉडियसचा मुलगा ड्रूसस अगदी लहान वयात पॉम्पेई येथे मरण पावला. सुएटोनियस या चरित्रकाराने दिलेली हकिकत अशी : मुलगा खेळता खेळता पेअरचे फळ हवेत उडवून तोंडात झेलत होता. ते घशात अडकले आणि तो गुदमरला. रोममधील बलाढ्य अधिकारी सेजेनस याच्या मुलीशी त्याचा वाङ्‌निश्चय होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. साहजिकच सेजेनसने कपटाने मुलाचा काटा काढला, असे लिहिणारे लेखक निघाले. सुएटोनियसला याचेच आश्चर्य वाटते. स्वतःच्या होणाऱ्या जावयाला सेजेनस कशाला मारील? राजवाड्यांच्या इतिहासात भोजनातले मरण कधीच साधे राहत नाही. एका फळाने मुलगा मरतो, हे स्वीकारण्यापेक्षा कट मानणे लोकांना सोपे जाते.

मुळात एका फळाने माणूस मरू शकतो याला कारण आहे ती घशाची रचना. अन्नाचा मार्ग आणि हवेचा मार्ग तिथे एकमेकांना छेदतात. श्वासनलिका पुढे, अन्ननलिका मागे. त्यामुळे प्रत्येक घासाला श्वासनलिकेच्या तोंडावरून जावे लागते. गिळण्याच्या क्षणी श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते आणि त्यावर एक पडदा झाकणासारखा पडतो. हसताना किंवा बोलताना घास गिळला की या क्रमात घोटाळा होतो. डार्विननेही १८५९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या विचित्र रचनेची नोंद घेतली आहे.

ही वाहतूक समजायलाच माणसाला फार काळ लागला. प्यायलेले पाणी फुप्फुसात जाते, असे प्लेटोने लिहून ठेवले होते. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या हृदयविषयक ग्रंथात याची एक परीक्षा दिली आहे. डुकराला रंगीत पाणी प्यायला द्यायचे, ते पीत असतानाच त्याचा गळा कापायचा आणि रंग कुठपर्यंत पोहोचला ते पाहायचे. त्यानंतर काही शतकांनी प्लुटार्कने आपल्या पंक्तीतल्या चर्चांच्या ग्रंथात प्लेटोची बाजू मांडणारा एक प्रदीर्घ वाद रंगविला. भोजन करता करता माणसे घशाच्या रचनेवर वाद घालीत होती आणि तेवढ्या वेळात कुणाला ठसका कसा लागला नाही, हेच आश्चर्य.

या सगळ्या कोलाहलात सुश्रुतसंहितेचा सूर अगदी वेगळा लागतो. तिच्या सूत्रस्थानातील २७ वा अध्याय शल्य बाहेर काढण्याविषयी आहे. शल्य म्हणजे केवळ बाणाचे टोक नव्हे; शरीरात राहून पीडा देणारी कोणतीही वस्तू. काटा शल्य, हाडाचा तुकडा शल्य, आणि घशात अडकलेला घासही शल्यच. घास कंठात अडकला असता रोग्याला कल्पना न देता, निःशंकपणे, त्याच्या खांद्यावर मुठीने प्रहार करावा. किंवा त्याला तेल-तूप, मद्य अथवा पाणी पाजावे, असे सुश्रुत सांगतो. ना पापाचा विचार, ना ग्रहांचा, ना शत्रूच्या कपटाचा.

याच अध्यायात त्याहून चमत्कारिक युक्त्या आहेत. हाडाचा तुकडा घशात रुतला असेल तर केसांचा गुंडा दोऱ्याला बांधून पातळ पदार्थाबरोबर गिळायला लावावा, मग ओकारी काढवावी आणि गुंड्यात तुकडा अडकला की दोरा ओढून घ्यावा. लाखेचा तुकडा अडकला असेल तर घशात नळी घालून तिच्यातून तापलेली सळई न्यावी, लाख सळईला चिकटली की थंड पाणी ओतून ती घट्ट होऊ द्यावी आणि सळई बाहेर काढावी. नळी कशासाठी, तर घसा भाजू नये म्हणून. हे लिहिणाऱ्याने असे रोगी हाताळले असावेत, असे वाचताना वाटत राहते.

मात्र सुश्रुताच्या उपायांतही निवड करावी लागते. पाणी पाजणे हे घास अन्ननलिकेत अडला असेल तर कदाचित चालेल. श्वासनलिकाच बंद असेल तर पाण्याला जायला वाट नसते आणि ते उलट अपाय करते. घरोघरी घास अडकला की पहिला हात तांब्याकडे जातो, तो जुना आणि चुकीचा आहे. खांद्यावरच्या मुठीचे भवितव्य काय झाले, ते पुढे येईलच.

ठसका लागला की मराठी घरात पाठीवर थाप पडते आणि 'कुणीतरी आठवण काढतंय' असे म्हटले जाते. या गोड समजुतीने कुणाचे नुकसान होत नाही, कारण ठसका हीच मुळी बचावाची खूण आहे. खोकल्याचा आवाज यायला फुप्फुसातून हवा बाहेर पडावी लागते. ज्याला जोराने खोकता येते त्याचा मार्ग अजून उघडा असतो, त्याला खोकू द्यावे. खरा धोका आवाज बंद होण्यात आहे. श्वासमार्ग पूर्ण बुजलेला माणूस ओरडू शकत नाही, 'मला श्वास घेता येत नाही' असे सांगूही शकत नाही. पुष्कळदा तो संकोचाने पंक्तीतून उठतो, एकटाच प्रसाधनगृहाकडे जातो आणि तिथेच कोसळतो.

या शांततेनेच विसाव्या शतकातील डॉक्टरांना चकविले. अमेरिकेतील उपाहारगृहांत एक मृत्यू वारंवार घडत असे. चांगला धडधाकट, मध्यमवयीन माणूस मित्रांबरोबर जेवत असतो. बोलता बोलता तो अचानक गप्प होतो, चेहरा निळसर पडतो आणि तो टेबलावर कोसळतो. आरडाओरडा नाही, खोकला नाही. भोवतालची माणसे म्हणतात, हृदयविकाराचा झटका. डॉक्टरही तेच लिहितात. फ्लोरिडातील ब्रॉवर्ड काउंटीचा वैद्यकीय तपासनीस रॉजर हॉगन याने अशा काही मृतांचे शवविच्छेदन केले, तेव्हा हृदयात मृत्यूचे कारण सापडले नाही. स्वरयंत्राच्या तोंडाशी मांसाचा मोठा तुकडा बसलेला होता.

हॉगनने १९६३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हे प्रसिद्ध केले आणि या मृत्यूला 'कॅफे कोरोनरी' असे काहीसे उपरोधिक नाव दिले : उपाहारगृहातला हृदयविकार, जो हृदयविकार नव्हताच. मद्यपान आणि कृत्रिम दात या दोन गोष्टी अशा मृत्यूंत पुन्हा पुन्हा आढळल्या. मद्याने घशाची संवेदना मंदावते. कवळीने घासाचा आकार नीट कळत नाही. विंचेस्टरच्या पंक्तीत पक्षाघाताला गुदमरणे म्हटले गेले होते; नऊशे वर्षांनी फ्लोरिडात गुदमरण्याला हृदयविकार म्हटले जात होते. फरक एवढाच की, या खेपेस चूक उलगडली आणि तिच्यावर उपाय शोधणे शक्य झाले.

उपाय शोधणारा होता हेन्री हाइमलिक, सिनसिनाटी येथील छातीचा शल्यविशारद. छातीतील हवा व द्रव बाहेर काढणारी एक साधी झडप त्याने आधीच तयार केली होती आणि ती व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांसाठी वापरली गेली. आता त्याचा तर्क असा : उच्छ्वास पूर्ण झाल्यावरही फुप्फुसात बरीच हवा शिल्लक असते. बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वर, मूठ ठेवून आत आणि वर जोराने दाबले तर श्वासपटल उचलले जाईल, ती हवा दाबली जाईल आणि बाटलीचे बूच उडावे तसा अडकलेला तुकडा उडेल. त्याने बेशुद्ध केलेल्या कुत्र्यांच्या श्वासनलिकेत बंद नळी अडकवून हे करून पाहिले. नळी उडाली.

जून १९७४ मध्ये त्याचा लेख एका वैद्यकीय मासिकात आला. तो रीतसर तपासलेला शोधनिबंध नव्हता, पण वृत्तपत्रांनी तो उचलला. त्याच महिन्यात वॉशिंग्टन राज्यातील एका निवृत्त उपाहारगृहचालकाने वर्तमानपत्रात वाचलेली ही युक्ती शेजारणीवर वापरली आणि ती वाचली. वर्ष संपण्याआधी या युक्तीला 'हाइमलिक मनूव्हर' हे नाव मिळाले. पुढे १९७६ मध्ये प्रचाराच्या विमानात रोनाल्ड रेगन यांच्या घशात शेंगदाणा अडकला, तेव्हा त्यांचा सहायक मायकेल डीव्हर याने हीच युक्ती वापरली. रेगन त्या वेळी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडत होते. एका शेंगदाण्याने अमेरिकेचा पुढचा इतिहास वेगळा केला असता.

इथपर्यंत ही कथा निर्मळ आहे. पुढे ती अहंकाराची होते. अमेरिकन रेड क्रॉस त्या काळी आधी पाठीवर थापा आणि नंतर पोटावर दाब, असा क्रम शिकवीत असे. हाइमलिकला ते मान्य नव्हते. पाठीवर मारल्याने तुकडा आणखी खाली जातो, असे त्याचे म्हणणे. त्या थापांना तो 'मृत्यूचे घाव' म्हणे. वर्षानुवर्षे मुलाखती, पत्रे आणि व्याख्याने यांतून त्याने हा मुद्दा लावून धरला. १९८५ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांनी जाहीर केले की, पाठीवरच्या थापा घातक, प्रसंगी प्राणघातक आहेत आणि हाइमलिकची पद्धत हीच एकमेव. लगेच मार्गदर्शक सूचना बदलल्या. पुराव्याचे पारडे इतके एकतर्फी नव्हते, हे युरोपच्या वागण्यावरून दिसते. तिथल्या प्रथमोपचारात पाठीवरच्या थापा कायम राहिल्या.

यशाने हाइमलिकचे पाऊल घसरत गेले. बुडालेल्या माणसालाही हीच पद्धत आधी लावावी, असा त्याने आग्रह धरला; तज्ज्ञांनी तो नाकारला, कारण त्यात कृत्रिम श्वासाला उशीर होतो. एड्सच्या रुग्णांना मुद्दाम हिवताप देऊन बरे करण्याची कल्पनाही त्याने पुढे रेटली आणि तिचे प्रयोग चीनमध्ये झाले. त्यावर वैद्यकक्षेत्रातून कठोर टीका झाली. सर्वांत तिखट टीका त्याच्या स्वतःच्या मुलाने केली. ज्याच्या युक्तीने असंख्य जीव वाचले, त्याच माणसाचे इतर दावे तितकेच खरे असतील असे मानण्याचे कारण नव्हते. पण कीर्तीला हा भेद कळत नाही.

२००६ च्या सुमारास रेड क्रॉसने फारसा गाजावाजा न करता जुना क्रम परत आणला : पाठीवर पाच थापा, मग पोटावर पाच दाब. हाइमलिकचे नावही सूचनांतून गेले. तिथे 'पोटावरील दाब' असा साधा शब्द आला. हाइमलिक तेव्हा हयात होता. मे २०१६ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, सिनसिनाटीतील आपल्या वृद्धाश्रमाच्या भोजनगृहात तो बसला असताना शेजारच्या ८७ वर्षांच्या बाईंच्या घशात बर्गरचा तुकडा अडकला. त्याने उठून त्यांच्या मागे जाऊन स्वतःच्या हातांनी तो दाब दिला आणि तुकडा बाहेर पडला. त्याच वर्षी १७ डिसेंबर रोजी त्याचे निधन झाले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने नव्या सूचना प्रसिद्ध केल्या. मोठ्या माणसाचा श्वासमार्ग पूर्ण बंद झाला असेल, त्याला बोलता-खोकता येत नसेल, तर त्यांत सांगितलेला क्रम असा : प्रथम दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा, मग पोटावर पाच दाब, आणि तुकडा निघेपर्यंत किंवा माणूस बेशुद्ध होईपर्यंत हेच आलटून पालटून. एक वर्षाच्या आतील बाळाच्या पोटावर मात्र दाब द्यायचा नाही. पाठीवर पाच थापा आणि छातीवर पाच दाब.

सुश्रुताची मूठ खांद्यावर पडत होती. आताचा तळहात दोन खांद्यांच्या मध्ये पडतो.